रात्रपाळीचे शेजारी

मे २०११ मधली बुद्धपौर्णिमा मी ताडोबाच्या जंगलात, एका पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून काढली. वनखातं त्या रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची गणना करत असे आणि हौशी माणसांनाही तिच्यात भाग घेऊ देत असे. अलीकडे या कार्यक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. कल्पना साधी आहे. उन्हाळ्याने जंगलातलं पाणी आटलेलं असतं, म्हणून जनावर उरलेल्या पाण्यावर येणारच, आणि पौर्णिमेचं चांदणं असतं, म्हणून आलेलं दिसणारच. हातात एक तक्ता दिलेला होता : वेळ, प्राणी, संख्या, शेरा. मी चितळं लिहिली, सांबर लिहिलं, रानडुकरं लिहिली, दोनच्या सुमारास एक अस्वल लिहिलं, आणि शेवटी एक ससा. वाघ काही आला नाही. पहाटे माझ्याबरोबरचे नागपूरचे गृहस्थ म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या मुंबईत हे कुठलं पाहायला मिळायला? तुमच्याकडे तर रात्रच होत नाही.’

मी हसलो. पण परतीच्या गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. वरळीच्या बीडीडी चाळीत माझा जन्म गेला. बुद्धपौर्णिमेला चाळीत झेंडे लागतात, घरोघरी खीर होते. तो सण टाकून मी जनावरं मोजायला गेलो म्हणून आईची बोलणी खाल्ली होती ती वेगळीच. घरी आल्यावर त्याच आठवड्यात मी वहीच्या पानावर तसाच तक्ता आखला आणि चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून रात्रभर बसलो. सकाळी मोजलं. ताडोबाच्या तक्त्यात पाच ओळी भरल्या होत्या. चाळीच्या तक्त्यात सात.

त्या सात ओळींविषयी मी बोलणार आहे.

पण आधी चाळ कशी आहे ते सांगायला हवं, कारण जनावरं हवेत राहत नाहीत. १९२० साली, सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. या खात्याने कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. संडास सामाईक. दोन चाळींच्या मध्ये मोकळी जागा, तिथे बदाम, पिंपळ, नारळ, आणि भिंतीच्या चिरांतून आपोआप उगवलेलं बरंच काही.

आणि ही वस्ती झोपत नसे. माझे वडील गिरणीत होते. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, तेव्हा तिसरी पाळी आत जायची. एका खोलीतली निम्मी माणसं कामावर असत म्हणूनच उरलेली निम्मी आडवी होऊ शकत. बारा-साडेबाराला जेवणारं घर चाळीत नवलाचं नव्हतं. खरकटं रात्री एकला खाली जायचं आणि पॅसेजमधला बल्ब रात्रभर जळायचा. १९८२ च्या संपानंतर दुसरी पाळी गेली, तिसरी गेली. बल्ब तेवढा राहिला. पुढे मी स्वतः रात्रशाळेत विज्ञान शिकवू लागलो, त्यामुळे अकराच्या आत घरी येण्याचा प्रश्न मलाही कधी आला नाही.

केनियात ट्रीटॉप्स नावाचं एक हॉटेल आहे. १९३२ साली ते एका अवाढव्य झाडावर, पाणवठ्याच्या वर बांधलं गेलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ तिथे रात्री हत्ती-गेंडे पाहायला आली होती, त्याच रात्री तिचे वडील वारले आणि ती राणी झाली. आपले जिम कॉर्बेटही त्या रात्री तिथे होते. अशा ठिकाणी पाहुण्यांना वाटतं, जनावरं आपण होऊन येतात. तसं नसतं. खाली पाणी राखलेलं असतं, मीठ टाकलेलं असतं, वरून दिवा सोडलेला असतो. म्हणजे जनावरांसाठी पान मांडलेलं असतं. चाळीचंही तेच, फरक एवढाच की आमचं पान आम्ही नकळत मांडत होतो. उजेड, खरकटं, गटार, झाड आणि भिंतीतली भोकं हा आमचा पाणवठा.

तक्त्यातली पहिली ओळ पालीची. ती सगळ्यांनीच पाहिलेली असते, पण बसून कुणी पाहत नाही. पॅसेजच्या बल्बपाशी संध्याकाळी किडे येतात, त्यांच्यामागे पाली. मोठी पाल बल्बच्या अगदी जवळची जागा धरते, लहान पाली लांब, अर्ध्या अंधारात. पाणवठ्यावरही हेच असतं, मोठं जनावर पाण्यापाशी असलं की लहान थांबतं. पालीच्या बोटांखाली चिकटा नसतो, अतिशय सूक्ष्म केसांची दाट लव असते. ते केस भिंतीच्या इतके निकट जातात की दोन वस्तूंच्या रेणूंमधलं नुसतं आकर्षणच तिला तोलून धरायला पुरतं. पाल चुकचुकली की आमच्या मजल्यावरच्या बायका ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत जमिनीवर बोटं टेकवायच्या. ती बिचारी दुसऱ्या पालीला ‘इकडे येऊ नकोस’ एवढंच सांगत असते.

दुसरी ओळ चिचुंद्रीची, आणि हिच्यावर आपण फार अन्याय करतो. लांब नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेकडेने धावणार, चीं चीं करणार. आपण तिला उंदीर समजून झाडू घालतो. ती उंदीर नाही, उंदराच्या कुळातलीही नाही. तिचं नातं किडे खाणाऱ्या प्राण्यांशी. झुरळं हे तिचं मुख्य अन्न, आणि चाळीत झुरळांना काय तोटा! तिला उग्र वास असतो, म्हणून मांजर तिला मारतं पण खात नाही, तसंच टाकून जातं. एकदा रात्री एकला जिन्याच्या तळाशी मला एक केसाळ साप सरकताना दिसला. बॅटरी टाकली तर पुढे चिचुंद्री, तिच्या शेपटीच्या बुडाला तोंडात धरून एक पिल्लू, त्याच्यामागे दुसरं, तिसरं, चौथं. आगगाडीच. पिल्लं रस्ता चुकू नयेत म्हणून चिचुंद्री त्यांना अशी घेऊन फिरते. मी शेजारच्या पोरांना उठवून दाखवलं. त्यानंतर आमच्या मजल्यावर तरी तिला झाडू बसला नाही.

तिसरी ओळ घुशीची. हिची बाजू मी घेणार नाही. मोठी घूस किलोभराची होते, मांजर तिच्या वाटेला जात नाही, आणि ती जमीन पोखरते ती चाळीच्या पायापर्यंत. शिवाय तिच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हा आमच्या चाळीतला एक सोळा वर्षांचा मुलगा पंधरा दिवस इस्पितळात होता. वाचला. पायाला जखम असताना गटाराच्या पाण्यातून चालला होता, एवढंच त्याचं चुकलं.

घुशीबरोबर येणारा आणखी एक रात्रीचा पाहुणा मी तक्त्यात लिहिला नाही, कारण तो माणूस होता. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्री उंदीर मारणारे कामगार असतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. डोळ्यांवर झोत पडला की उंदीर क्षणभर जागीच थिजतो, तेवढ्यात काठी पडायला हवी. एका रात्रीत तीस उंदीर मारायचे आणि सकाळी मोजून द्यायचे, असा त्यांचा नेम. आमच्या भागात येणाऱ्या एका दादांना मी विचारलं होतं, उंदीर संपतील का कधी? ते म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही खिडकीतून खाली टाकायचं थांबवा, मग मला विचारा.’ या विषयावर इतकं नेमकं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

आता झाडावर येऊ. आमच्या चाळीमागे बदामाचं मोठं झाड होतं, आपला देशी बदाम. हंगामात रोज सकाळी झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं आणि चोथ्याच्या चपट्या गोळ्या पडलेल्या असत. हे फळखाऊ वटवाघळांचं काम. वटवाघूळ गर तोंडात दाबून रस पितं आणि चोथा थुंकतं. शाळेत आपण शिकतो की वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतं. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांच्या बाबतीत ते खरं आहे. मोठी फळखाऊ वटवाघळं मात्र डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. त्यांचे डोळे पाहा, कुत्र्याच्या पिल्लासारखे टपोरे असतात. ती फळ जागेवर खात नाहीत, तोंडात धरून दुसरीकडे नेतात. उंबर-पिंपळाच्या बिया त्यांच्या पोटातून लांब जाऊन पडतात. आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत पिंपळ कुणी लावला, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं काम कावळे, मैना आणि बुलबुल दिवसपाळीला करतात.

कायद्याने या वटवाघळांना फार वर्षं वाईट वागवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती, तिच्यात उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला फळखाऊ वटवाघळांनाही बसवलेलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. पण २०१८ साली केरळात निपाहची साथ आली, आणि २०२१ मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्याचं पुण्याच्या विषाणू संस्थेने सांगितलं. तेव्हा लोक पुन्हा बिथरले, झाड तोडा म्हणू लागले. मी सांगायचो, झाड राहू द्या, खाली पडलेलं उष्टं फळ पोरांना उचलू देऊ नका आणि हात धुवा. झाड तोडलं तर वटवाघूळ दुसऱ्या झाडावर जाईल, सावली मात्र आपली जाईल.

चौथी ओळ वटवाघळांची झाली. पाचवी रातबगळ्याची, तो नुसताच ‘वाक्’ असा एक शब्द बोलून डोक्यावरून वरळीच्या समुद्राकडे गेला. सहावीला मी तेव्हा प्रश्नचिन्ह केलं होतं. मांजराएवढं, पण शेपूट अंगाइतकी लांब, केबलच्या वायरवरून तोल सावरत एका चाळीवरून दुसऱ्या चाळीवर गेलं. दुसऱ्या दिवशी वर्णन सांगितल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे कुडाळचे काका हसायलाच लागले. ‘अरे मास्तरा, ह्यो तर कांडेचोर!’ म्हणाले. पुस्तकात याला ताडमांजर म्हणतात. फळं खातो, उंदीर खातो, दिवसा माळ्यावर किंवा झाडाच्या ढोलीत झोपतो. मुंबईच्या पार भरवस्तीत तो आहे, आणि लोकांना माहीत नाही, कारण लोकांना तो मांजरच वाटतो. मला तो पुढच्या सगळ्या वर्षांत एकूण तीनदाच दिसला.

सातवी ओळ घुबडाची. खरं म्हणजे या एका ओळीसाठीच मी आज बोलायचं कबूल केलं.

त्या रात्री तीनच्या सुमाराला टाकीच्या वरून काहीतरी पांढरं, आवाज न करता गेलं. आवाज न करता म्हणजे अजिबात नाही. कबुतर उडालं तर फडफड होते, कावळ्याचेही पंख वाजतात. याच्या पंखांच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात आणि पिसांवर मखमली लव असते, त्यामुळे हवा चिरली तरी तिचा आवाज होत नाही. हे गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराचा किंवा पत्त्यातल्या लाल पानासारखा पांढरा चेहरा, काळे डोळे, पोट पांढरं. ते घुत्कार करत नाही, किंचाळतं. त्याची पिल्लं तर घोरल्यासारखा फस्स फस्स आवाज करतात. काळोखात पांढरं काहीतरी तरंगत जाणं आणि वर ती किंकाळी, यावर भुताच्या निम्म्या गोष्टी उभ्या राहिल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

तो पांढरा चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी तबकडी असते. आत दोन कान, पण एक थोडा वर आणि एक थोडा खाली. त्यामुळे आवाज कुठल्या बाजूने आला एवढंच नव्हे, किती उंचीवरून आला तेही त्याला कळतं. रॉजर पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने, जो पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झाला, मिट्ट काळोख्या खोलीत पाचोळा पसरून घुबड सोडलं. त्याने पाचोळ्यातला उंदीर अचूक पकडला. उंदराऐवजी उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पाचोळ्यातून ओढला, तर घुबड त्या बोळ्यावरही तसंच झेपावलं. म्हणजे त्याला वास नको, उजेड नको. खसखस पुरते.

त्या वर्षी नोव्हेंबरात घुबडाच्या जोडीने आमच्या गच्चीवर, जिन्याच्या कोठडीमागच्या बंद पडलेल्या जुन्या टाकीत घर केलं. मला आनंद झाला, आणि मी तो मूर्खासारखा चारचौघांत बोलून दाखवला. डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरचे एक म्हातारे गिरणी कामगार वारले. बरेच दिवस आजारी होते. पण ते गेले त्या रात्री घुबड ओरडलं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. तेराव्याच्या आत पॅसेजमध्ये बैठक बसली. टाकीत गोणपाट पेटवून धूर करायचा, असं ठरत आलं. कुडाळचे काका, ज्यांनी मला कांडेचोर ओळखून दिला होता, तेच म्हणाले, ‘मास्तरानू, ह्यां काय बरां लक्षण नाय.’

कायदा सांगून काही होणार नव्हतं. घुबडाला मारणं हा गुन्हा आहे हे मी सांगितलं, पण ज्याच्या घरात मयत झालंय त्याला कलम ऐकवणं बरं दिसत नाही. गंमत अशी, की पोरांच्या दगडांपासून घुबड आतापर्यंत वाचलं होतं ते दुसऱ्या एका समजुतीमुळे. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेतं आणि घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं आपल्याकडे सांगतात. एका अंधश्रद्धेने तारलेलं पाखरू दुसऱ्या अंधश्रद्धेने मरणार होतं. मी फक्त दहा दिवस मागून घेतले.

घुबड भक्ष्य चावत नाही, गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत. काही तासांनी ते त्यांची एक घट्ट काळपट गोळी करून ओकून टाकतं. अंगठ्याएवढी, वाळली की वासही येत नाही. टाकीच्या आसपास मी अशा तेवीस गोळ्या गोळा केल्या आणि रात्रशाळेत नेल्या. माझे विद्यार्थी म्हणजे दिवसा हॉटेलात, कुरिअरमध्ये, वर्कशॉपमध्ये राबणारी मुलं. वर्तमानपत्र पसरून, गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, टाचणीने आम्ही एकेक सोडवली. कवट्या ओळखायला सोप्या असतात. उंदराला पुढे दोन लांब, वाकडे, पिवळट दात आणि मग मोकळी जागा. चिचुंद्रीला मोकळी जागा नाही, सरळ अणकुचीदार दातांची रांग. तेवीस गोळ्यांत एकतीस कवट्या निघाल्या. बावीस उंदरांच्या, आठ चिचुंद्रींच्या, एक चिमणीएवढ्या पक्ष्याची. मुलांनी त्या पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या.

तो पुठ्ठा मी बैठकीत ठेवला. खोटं बोललो नाही. दोन घुबडं चाळीतले उंदीर संपवतील असं नाही, हे सांगितलं. मोठी घूस तर त्यांना झेपतच नाही, पिल्लू सापडलं तर उचलतील, हेही सांगितलं. पण हे पाखरू रोज रात्री काय करतं ते हे आहे, माणसं मोजत नाही, एवढं दाखवलं. लेप्टोतून उठलेला तो मुलगा आता बावीस वर्षांचा होता. तो पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

तरी निर्णय झाला तो पुठ्ठ्यामुळे नव्हे. ज्या घरात मयत झालं होतं त्या घरच्या काकू दारात बसल्या होत्या. सातारकडच्या, फारसं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘ह्यांना जायचं होतं, ते गेले. पाखरानं काय केलं? तीस वर्सं रातपाळी करून दिवसा झोपायचे, तवा पॅसेजमधल्या पोरांना मी गप करायची. ते बी रातपाळीचंच हाय. झोपू दे त्याला.’

धूर झाला नाही.

घुबडाची मादी पहिलं अंडं घातल्याबरोबरच उबवायला बसते, पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात, म्हणून पिल्लंही एकाच वयाची नसतात. त्या टाकीत पाच होती, मोठ्यापासून लहानापर्यंत, अगदी उतरंडीसारखी. खाणं कमी पडलं तर धाकटी जगत नाहीत. आमच्याकडे कमी पडलं नसावं, कारण पाचही मोठी झाली. त्यातलं एक दिवसा खाली पडलं आणि कावळ्यांनी घेरलं. लेप्टोवाल्या त्या मुलाने बादली उपडी घालून ते वाचवलं आणि आम्ही ते परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयात नेलं. ते जनावरांचं इस्पितळ १८८३ पासून आहे. असं जखमी पाखरू सापडलं तर घरी ठेवून दूध-भात भरवू नका, घुबडाला तो विषासारखा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवा.

पुढे ती जोडी, किंवा तिची मुलंबाळं, त्या टाकीत राहत होती. दर हिवाळ्याला पिल्लं घोरायला लागली की काकू खालून ओरडायच्या, ‘मास्तर, तुमची घोरायला लागली!’

मग पुनर्विकास आला. इथे मला कुणी गळा काढायला सांगू नये. सामाईक संडासासमोर पन्नास वर्षं रांगेत उभं राहून मी चाळीत राहिलो आहे. चाळीचं कौतुक तिथे न राहिलेल्यांनी करावं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. कचरा बंद डब्यात जाणार, गटार झाकलेलं असणार, घूस उपाशी मरणार, हे चांगलंच आहे. पण पात्रतेच्या यादीत टाकीतल्या भाडेकरूचं नाव नव्हतं. आमची चाळ रिकामी झाल्यावर, पाडायच्या आदल्या संध्याकाळी, तिथल्या सुपरवायझरला विनवून मी एकदा गच्चीवर गेलो. टाकीत अंडी-पिल्लं नव्हती, तो हंगामच नव्हता. गोळ्या मात्र ताज्या होत्या.

उंच इमारतीत कबुतरं लगेच येतात, त्यांना कडा पुरतात. घुबडाला भोक लागतं. तेवढं दिलं तर ते येतं, हे जगात ठिकठिकाणी करून पाहिलेलं आहे. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतांत लाकडी पेट्या खांबावर बसवतात, उंदरांवर विष टाकण्यापेक्षा गव्हाणी घुबड परवडतं म्हणून. २००२ पासून जॉर्डनचे आणि पॅलेस्टाइनचे शेतकरीही त्यात आहेत. ज्यांचं आपसात एरवी काही जमत नाही त्यांचं घुबडावरून जमलं. मलेशियात पामच्या मळ्यांत अशाच पेट्या असतात. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पिंगोरीला २०१८ मध्ये घुबडांचा उत्सवच भरला, शाळेतली मुलं घुबडाची चित्रं काढून आणत होती. पेटी म्हणजे फार काही नसतं. मोठ्या फळकुटाचं खोकं, एक हातभर लांब, समोर माणसाचा पंजा जाईल एवढं भोक, उन्हापावसाची सावली. अट एकच, इमारतीत उंदरांचं विष ठेवायचं नाही. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की ते विष त्यालाही भोवतं. अशी एक पेटी गच्चीवर बसवू द्या, असा अर्ज मी संक्रमण गाळ्यातल्या घरून लिहून ठेवला आहे. सोसायटीची पहिली सभा झाली की देईन.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलाला नव्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. परवा रात्री त्यांचा फोन आला. मला वाटलं, तब्येत. काकू म्हणाल्या, ‘मास्तर, झोप येत नव्हती म्हणून खिडकीत बसले. समोर ती क्रेन हाय ना, तिच्यावर कायतरी पांढरं बसलंय. तुमचं हाय का बघा.’ मी म्हटलं, काकू, मी इथून कसं बघणार? तर म्हणाल्या, ‘मग ल्हिवून तरी ठेवा.’

वही उघडली. वेळ, रात्री एक वाजून दहा मिनिटं. संख्या, एक.